मुकुंदबुवांची भूपाळी

"अण्णा, भोंगा का न्हाई लागला आज?"

छगन दुधाच्या किटल्या मोटारसायकलला अडकवूनच दारात उभा होता. "आमी आपले भूपाळीच्या भरवशावर. बायको म्हनली, अजून येळ हाय. डेअरीची गाडी गेली ना निघून!"

"लावली नाही," नृसिंह जोशी म्हणाले.

"लाइट तर हुती."

"हो, होती."

पुणतांब्याच्या घाटावरच्या देवळात पहाटे पाचला भूपाळी लावण्याचं काम जोशींचं. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं. आवाज एकच, श्रीरामपूरच्या मुकुंदबुवांचा. त्या आवाजावर गाव उठायचं आणि धारा काढायला बसायचं.

"बुवांचं पेपरात आलंय म्हनून व्हय?" छगनने आवाज उतरवला. "पर त्या भूपाळीनं कुनाचं काय घोडं मारलंय?"



बातमी कालची. गाण्याच्या क्लासमधल्या सोळा वर्षांच्या मुलीने तक्रार दिली आणि पोलिसांनी बुवांना नेलं. जोशींनी ती मोठ्याने वाचली आणि वर म्हणाले, "कुणीतरी डाव साधला असणार." भार्गवी गवार मोडत बसली होती. त्यांची एकुलती एक मुलगी, एकोणतीस वर्षांची, श्रीरामपूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. मान वर न करता ती म्हणाली, "खरं असेल. मी क्लास उगाच नव्हता सोडला, अण्णा."

एवढंच बोलली. मग गवारीच्या शिरा वेचून टाकल्या आणि भाजी फोडणीला घातली.

चौदाव्या वर्षी तिने क्लास सोडला होता. पोटात दुखतं, म्हणायची. जोशी माणूस सरळ, पण गुरू म्हटला की त्यांची अक्कल गहाण पडे. गुरुपौर्णिमेला ते तिला स्वतः एसटीने घेऊन गेले. नारळ दिला, शाल दिली. पोरगी दारातच थबकली, तेव्हा त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवून तिला बुवांच्या पायांवर वाकवलं. "विद्या सोडू नये, बाळ," असं बुवा म्हणाले होते. त्यानंतर ती आणखी दोन वर्षं क्लासला गेली. दहावीनंतर मात्र तिने घरातसुद्धा कधी गुणगुणलं नाही. पोरीला गाण्याची आवडच नव्हती, असं जोशी चारचौघांत सांगत राहिले.

ते सगळं आठवलं, तरी त्यांना रडू आलं नाही. आपल्याला काहीच होत नाही, याचीच त्यांना भीती वाटली.

दुपारी देवस्थानचे अध्यक्ष आप्पासाहेब आले. "अण्णा, सप्ताह तोंडावर आलाय. गावाला सवय झाली हाय त्या भूपाळीची. मानूस जाऊ द्या, आवाज देवाचा हाय."

"माझ्याच्यानं नाही लावली जाणार."

"तुमचं काय वाकडं केलंय बुवांनी?"

खोलीत भार्गवी कपड्यांच्या घड्या घालत होती. सांगायचं तर तिचं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगणं त्यांचं नव्हतं. त्यांनी खुंटीवरची देवळाची किल्ली काढून आप्पासाहेबांच्या हातावर ठेवली.

"म्हातारपणी डोकं फिरलं ह्यांचं," असं पुटपुटत आप्पासाहेब गेले.

दुसऱ्या दिवशी पाचला भोंगा लागला. छगनचा भाऊ बसला होता म्हणे मशीनवर. जोशींनी पुढची खिडकी लावली, मग मागची लावली. आवाज पत्र्यावरून आत येतच राहिला, तसाच गोड आणि भरलेला. तो बेसूर तरी वाटावा, अशी त्यांची फार इच्छा होती.

भार्गवी डबा भरत होती.

"मी बंद केलं होतं गं," ते म्हणाले. "त्यांनी लावलं."

"माहितीये."

"अकरा वर्षं मीच लावत होतो. रोज. तू या घरात असताना."

तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "मला ऐकू येत नाही ते, अण्णा. केव्हाचंच नाही येत."

ती त्यांच्यापुढे चहा ठेवायला वाकली आणि तशीच थांबली. तिची नजर त्यांच्या मांडीवर होती. जोशींनी खाली पाहिलं. त्यांची बोटं भूपाळीचा ठेका धरून चालली होती, अगदी लयीत. त्यांनी दुसऱ्या हाताने ती घट्ट दाबून धरली.

"चहा घ्या, गार होईल," भार्गवी म्हणाली आणि पर्स खांद्याला लावून एसटीसाठी निघाली.