आईबोली आणि तिच्या दोन लेकी

मृणालीला खोटं बोलायचं नव्हतं. म्हणजे, इतकं मोठं बोलायचं नव्हतं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात राहनाळला तिच्या ताईला, करिष्माला, पाहायला कशेळीची मंडळी आली. मुलगा सार्थक पोह्यांच्या बशीत डोकं खुपसून बसला होता. मृणालीने समोरच्या ताईला त्या दोघींच्या भाषेत विचारलं, कान मोठे आहेत, चालतील का? ताई म्हणाली, चालतील. ते ज्या घाईने म्हणाली, त्यावरून मृणालीला कळलं की हिचा जीव अडकला.

तेवढ्यात मुलाचे वडील केसरीनाथ यांनी बशी खाली ठेवली.

"ही कनची भाषा हाय, पोरी?"

ही भाषा वडिलांच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडमध्ये जन्मली होती. तिथे मशीन चालू असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून बहिणींनी लहानपणी तोंडाकडे बघून कळणारी भाषा बनवली. तिच्यात 'थ' भरपूर, कारण जीभ दातांत दिसते. 'स' अजिबात नाही, कारण तो लूम गिळून टाकतात. घडून गेलेल्या गोष्टीला ओहोटीचा प्रत्यय, घडणाऱ्या गोष्टीला भरतीचा. पुढे मृणालीला वाटलं की एवढ्या गुणी भाषेला आई नसावी हे बरं नाही. मग तिने आईबोली बनवली, जुनी, लांब श्वासाची. आईबोलीत 'येईन' म्हणजे थोमानाऊं. रोजच्या वापरात झिजून त्याचं झालं थोमाऊं. आईबोलीला करिष्माने एकच नियम घातला होता, तिच्यात खोटं बोलायचं नाही. त्यामुळे ती फारशी वापरात नव्हती.

आता हे सगळं केसरीनाथांना कसं सांगणार? तुमच्या मुलाच्या कानांबद्दल चाललं होतं, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"आपल्या पूर्वजांची आहे, काका," मृणाली म्हणाली. "आमच्या घरात तेवढी टिकली."

केसरीनाथांकडे गोडाऊनं होती, गाडी होती, गळ्यात जाड चेन होती. पूर्वजांची भाषा तेवढी मिळवायची राहिली होती. त्यांचे डोळे भरून आले. "तरी मी म्हनतंय. माझी आजी अशीच बोलाची."

लग्न तिथल्या तिथे ठरलं. स्वयंपाकघरात करिष्माने बहिणीला कचकचून चिमटा काढला. "मला तो आवडलाय. हे बाहेर पडलं आणि मोडलं ना, तर आयुष्यात तुझ्याशी बोलणार नाही."

केसरीनाथ गप्प बसतील तर ना. धामणकर नाक्यावर चहाला थांबलेल्या प्रत्येकाला त्यांनी पूर्वजांची भाषा ऐकवली, आणि लग्नात धवले, म्हणजे लग्न लावायची गाणी, याच भाषेत होतील असं जाहीर करून टाकलं. धवले गाणारी बायजाबाई. तिच्या गाण्याशिवाय कशेळीत लग्न लागत नसे. मृणाली धावत तिच्या घरी गेली आणि सगळं कबूल केलं.

बायजाबाईने शांतपणे ऐकून घेतलं. "मंजे खरी न्हाय?"

"नाही, आजी."

"मी तर केसरीला बोललंय, माजे आयशीनं शिकवलीय." धवलारणीला जुनं गाणं येतं का असं विचारल्यावर ती नाही म्हणेल, हे शक्यच नव्हतं. "आता शिकव गुमान."

मृणालीने शिकवलं. 'सून म्हणते येईन, भरती म्हणते येईन' अशी साधी ओळ दिली. पण बायजाबाईच्या तोंडात दात नव्हते. 'थ' काही केल्या बसेना, त्याचा 'ह'च होई.

लग्नाच्या दिवशी मांडवात बायजाबाईने सूर लावला. होमाऊं, होमाऊं. कशेळीकर माना डोलावू लागले. तोच राहनाळचे दामूतात्या, मृणालीचे काका, उभे राहिले. पुतणीकडून चार शब्द शिकल्यापासून ते गावात या भाषेचे जाणकार होऊन बसले होते.

"चुकलं. आमचे इकरं थोमाऊं बोलतान."

"तुमीच बिघरवली," केसरीनाथ म्हणाले. "मूळ भाषा कशेळीची."

मूळ कोण आणि फाटा कोण, यावरून दोन्ही बाजूंच्या बाह्या वर सरकल्या. पूर्वजांचा अपमान झाल्यावर लग्न कसलं लावता, असं म्हणत केसरीनाथांनी मुलाला उठायला सांगितलं. सार्थक अर्धवट उठला. मुंडावळ्यांआड करिष्माचा चेहरा पांढरा पडला. ते पाहून मृणालीने बँडवाल्याचा माईक हिसकावला.

"ही भाषा मी बनवली. लूमच्या शेडमध्ये. आणि बायजाबाईंना दात नाहीत म्हणून 'थ'चा 'ह' झालाय."

मग केसरीनाथ हसले. "पोरगी शिकली ना, आता आपले लोकांची लाज वाटते तिला." दामूतात्यांनी जोरात मान हलवली. सकाळपासून दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. बायजाबाई मांडवाच्या बांबूकडे निरखून बघत राहिली. आणि भांडण पुन्हा सुरू झालं.

तेव्हा करिष्मा उठली.

"थांबा," ती म्हणाली. "तुमच्या दोन्ही बोली लेकीच आहेत. आई वेगळी आहे." आणि मृणालीकडे बघत, सावकाश, तिने एकच शब्द उच्चारला. "थोमानाऊं."

त्या लांबलचक शब्दात दोन्ही गावांना आपापला शब्द सापडला. केसरीनाथांनी नकळत हात जोडले, दामूतात्यांनी टोपी काढली. "हां, हीच ती आयस," असं म्हणून बायजाबाईने गाणं पुन्हा उचललं, आणि सगळे अक्षता शोधू लागले.

मृणालीच्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या. एवढ्या धांदलीत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं की उद्या शेडमध्ये लूम चालू होतील, आणि समोर तोंडाकडे बघणारं कुणी नसेल. तिला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, पूर्वजांच्या आठवणीने.

थोमानाऊं म्हणजे येईन. आणि आईबोलीत खोटं बोलायचं नाही, हा नियम ताईनेच घातला होता.