चार तारांची घाटकोपरवाली

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे. गिटार म्हटल्यावर लगेच कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून प्रेमगीतं गाणारी डोळ्यांसमोर आणू नका. ती सडपातळ, सहा तारांची, कुणाच्याही मांडीवर जाऊन बसणारी. मी चार तारांची, लांब मानेची आणि अंगाने चांगली भरलेली. ज्यांना ठाऊक नसतं ते हमखास विचारतात, "दोन तारा तुटल्या वाटतं?" माझे मालक प्रबुद्ध यांचं त्यावर ठरलेलं उत्तर असे, "तुटल्या नाहीत, गरजच पडली नाही."

गाणाऱ्याचा सूर आणि ढोलकीचा ताल यांच्या मधल्या जागेत मी उभी असते. मी वाजले की लोक म्हणतात, आज गाणं रंगलं. मी नसले की म्हणतात, आज काहीतरी कमी होतं बुवा. नाव माझं कुणी घेत नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. ज्या घराचा पाया उघडा पडून दिसायला लागतो, ते घर धोक्यात असतं.

माझा जन्म कोलकात्यातल्या एका लहानशा कारखान्यातला. जड लाकडाचं अंग, त्यावर करवंदी रंग आणि मानेवर फ्रेट, म्हणजे बोट नेमकं कुठे ठेवायचं ते सांगणाऱ्या धातूच्या बारीक पट्ट्या. रंग देणाऱ्याचा हात उजव्या कोपऱ्यात जरा घसरला, तिथे आजही एक ओघळ आहे. परदेशी बहिणींसारखी मी गुळगुळीत नाही. पण एकदा स्पीकरची वायर लावून आवाज चढवलात, तर समोरच्या खुर्च्यांचे पाय थरथरतात. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही. बरं, थोडंसं कौतुक म्हणूनच सांगते.

प्रबुद्ध मला घाटकोपरला घेऊन आले. घराणं मूळचं बीडकडचं, स्वतः महापालिकेच्या पाणीखात्यात नोकरीला आणि संध्याकाळी द्रौपदीबाईंच्या भीमगीतांच्या संचात वादक. बास शिकायला ते रविवारी वांद्र्याला सायमन अंकलकडे जात. सायमन अंकल जुने स्टुडिओवाले, सिनेमाच्या गाण्यांत बास वाजवणारे. प्रबुद्ध सुरुवातीला फार बोटं नाचवायचे. अंकल कपाळाला हात लावून म्हणत, "अरे मॅन, भाजी निवडतो काय? एक सूर वाजव. पण असा वाजव की दुसरा मागायला कोणी येणार नाही!" प्रबुद्धांच्या लेखी जगात त्यांच्याइतका थोर बासवाला झाला नाही आणि होणारही नाही.

अंकलकडून त्यांनी आणखी एक गोष्ट उचलली. माझ्या तारा त्यांनी कधीच बदलल्या नाहीत. नवी तार झणझणते, खूप वेळ घुमत राहते. वर्षानुवर्षं वाजली, बोटांचा घाम तिच्यात मुरला, की तिचा चकचकीतपणा जातो आणि खालून एक जाड, मऊ, थेट पोटात शिरणारा 'ढुम्म' येतो. प्रबुद्धांचा अंगठा पडला की माझा 'ढुम्म' यायचा आणि लगेच मिटायचा, दार हळूच लावून घ्यावं तसा. द्रौपदीबाई त्या 'ढुम्म'वर पाय ठेवून गात. मुलुंडपासून उल्हासनगरपर्यंत आम्ही जयंत्या गाजवल्या, आणि ते माझे सुखाचे दिवस होते.

मग संचात कीबोर्ड आला. तो वाजवणारा मिथुन हुशार मुलगा. उजव्या हाताने बासरी, व्हायोलिन, सनई, काय मागाल ते. आणि डाव्या हाताने बास! माझं काम त्याने डाव्या हाताने करायला घेतलं, मित्रांनो. त्यात प्रबुद्धांची बोटं आखडू लागली, डॉक्टरांनी वाजवणं बंद करायला सांगितलं. मला जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलं, शेजारी मिक्सरचा रिकामा खोका. तिथे माझी मान वाकली, तारा पिळायच्या चाव्यांना गंज चढला. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही. फक्त एवढंच म्हणते की वाद्याला धूळ लागत नाही, एकटेपण लागतं.

मला खाली काढलं ते दीप्तीने, प्रबुद्धांच्या मुलीने. दीप्ती मुलुंडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. बोलायला बापासारखीच रोखठोक. मोबाइलवर कुणाचं तरी बासवादन ऐकून तिने विचारलं, "पप्पा, आपली कुठे आहे?" 'तुमची' नाही म्हणाली, 'आपली' म्हणाली. मी त्याच क्षणी तिची झाले.

माझी वाकलेली मान सरळ कोण करणार, हे शोधता शोधता ती बोरीवलीच्या देवेशकडे पोचली. देवेशचं घर म्हणजे बासवेड्यांचा रविवारचा कट्टा. त्याच्याकडे भिंतीवर टांगलेल्या बासच बास, सगळ्या परदेशी, सगळ्या नटलेल्या. तिथले वाद ऐकून माझी तर फार करमणूक व्हायची.

"पाच तारांशिवाय आजकाल चालतच नाही यार," केतन नावाचा एक जण म्हणायचा. "चार तारा म्हणजे चाळीतला संसार."

"चाळीत काय वाईट असतं रे?" दीप्ती विचारायची. "आणि तुझी पाचवी तार गेल्या रविवारपासून कितीदा वाजली, सांग ना."

"तुझा आवडता बासवाला कोण?"

"पप्पा. त्यांच्या आधी सायमन अंकल."

"नावच ऐकलं नाही कधी."

"त्यांचं वाजवणं ऐकलंयस. नाव तेवढं छापलेलं नसतं."

मग केतन माझ्याकडे बघून डोळे चमकवत म्हणाला, "हिचे सगळे फ्रेट उपटून टाकूया का? काय सुंदर, मांजरासारखा लोळणारा आवाज येईल! बाहेरचे मोठमोठे लोक असंच करतात." माझ्या अंगावर काटा आला. नशिबाने तेवढ्यात देवेशची आई सुलक्षणाकाकू पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. "अरे मेल्यांनू, सकाळपासून नुसता ढूम ढूम चाललाहा! एक तरी गाणा वाजवा!" पोहे आले आणि माझे फ्रेट वाचले.

देवेश मात्र मनाने फार चांगला. माझी मान त्याने हळूहळू, तिच्या आतली सळई रोज जराशी पिळत, इतक्या प्रेमाने सरळ केली की मी त्याला जन्मभर दुवा देईन. त्याने जे पुढे केलं तेही प्रेमापोटीच.

झालं असं की एप्रिलातली बाबासाहेबांची जयंती जवळ आली. तोवर घरी पप्पांकडून वाजवायला शिकलेली दीप्ती द्रौपदीबाईंकडे गेली आणि म्हणाली, "मावशी, पप्पांच्या जागी मला उभी करा." द्रौपदीबाई वयाने मोठ्या, आवाज अजून खणखणीत आणि संचात शब्द त्यांचाच. त्या म्हणाल्या, "प्रबुद्धची पोरगी म्हणून कुणाला जागा मिळत नसते. एक तालीम बघते. जमलं तर ठीक, नाहीतर मिथुनचा डावा हात आहेच. बासची ती भानगडच मग कायमची बंद करू."

म्हणजे पणाला दीप्तीची जागा होतीच, आणि माझीही. तालमीआधी मान एकदा तपासून घ्यावी म्हणून तिने मला देवेशकडे ठेवलं. देवेशने मान तपासली, पाठ पुसली, चाव्यांना तेल दिलं. मग माझ्या तारांकडे बघून त्याचा जीव कळवळला. काळ्या पडलेल्या, मळकट तारा! त्याने त्या सरळ कापल्या, कचऱ्यात टाकल्या आणि स्वतःसाठी जपून ठेवलेल्या परदेशी, कोऱ्या, चकाकत्या तारा मला चढवल्या. दीप्तीला सरप्राइज म्हणून! मला ओरडता आलं असतं तर बोरीवली स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असतं.

दीप्ती लॅबमधून सुटून मला घेऊन थेट बुद्धविहारातल्या तालमीला पोचली, घाईत खोळही तिथेच उघडली. तारा बघून तिचा चेहरा उतरला. पण सगळे बसले होते, ढोलकी सुरू झाली होती. द्रौपदीबाईंनी पहिली ओळ उचलली, दीप्तीने बापासारखाच अंगठा टाकला आणि माझ्या तोंडून निघालं, 'टणण्ण्!' तो सूर थांबेना. त्याच्यावर दुसरा पडला, दुसऱ्यावर तिसरा, सगळ्यांचा नुसता गोंधळ झाला. द्रौपदीबाई गाता गाता थांबल्या.

"दीप्ती, मी गाते आहे की कुल्फीवाला आलाय?"

मिथुनला हसू आवरेना. दीप्तीने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. "राहू दे बाळ," द्रौपदीबाई म्हणाल्या, "जयंतीला मिथुन बघेल." एवढं बोलून त्यांनी पाण्याचा पेला उचलला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बाहेर येऊन दीप्तीने देवेशला फोन लावला. "माझ्या जुन्या तारा कुठेत?"

"अगं, फेकल्या. गंजल्या होत्या सगळ्या. कशा वाटल्या नव्या? झकास ना?"

"वाट लावलीस रे माझी, देवेश. पूर्ण वाट लावलीस."

सगळं कळल्यावर तो बिचारा रडकुंडीला आला. "माझी पाच तारांची घेऊन जा, कायमची घेऊन जा," म्हणाला. दीप्ती हो म्हणते की काय, या विचाराने माझं लाकूड गार पडलं. "नको," ती म्हणाली, "मला माझीच पाहिजे."

घरी जाऊन बापाला काय सांगायचं, याची तिला खरी धास्ती होती. त्या तारांत त्यांची उमेदीची सगळी वर्षं मुरलेली होती. प्रबुद्धांनी मला मांडीवर घेतलं, आखडलेल्या अंगठ्याने एक तार छेडली. टणण्ण्. दीप्ती रडायलाच लागली. "पप्पा, सॉरी. तुमच्या तारा गेल्या."

प्रबुद्धांनी तळहात टेकवून ती तार गप्प केली. मग म्हणाले, "त्या जुन्या कुणी केल्या होत्या? मीच ना? दुकानातून आणल्या तेव्हा त्याही अशाच बोंबलत होत्या. आता या तू जुन्या कर."

"पण जयंती तोंडावर आलीय!"

"मग तार जे आपण होऊन करत नाही, ते हाताने कर. सूर लावायला शिकलीस, मिटवायला कधी शिकली नाहीस. माझ्या जुन्या तारा तुझ्यासाठी तो मिटवत होत्या, म्हणून तुझं भागत होतं."

हे खरं होतं, मित्रांनो, आणि मला ते आधीपासून माहीत होतं. त्या दिवसापासून बापलेकीने मला सोडलं नाही. तळहाताची कड तारांवर कशी टेकवायची, डावं बोट दाबून झाल्यावर सैल कधी करायचं, गाणाऱ्याने श्वास घेतला की आपण गप्प कसं राहायचं, हे सगळं तिने घोटून घेतलं. प्रबुद्ध समोर बसून नुसते म्हणत, "मिटव. मिटव. आता मिटव." तिच्या अंगठ्याला फोड आला, फुटला, तिथली कातडी घट्ट झाली.

मग ती द्रौपदीबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. "मावशी, जय भीम. एक गाणं द्या. नाही आवडलं तर दुसऱ्या गाण्याआधी मी स्वतः मंचावरून उतरेन."

द्रौपदीबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. अंगठ्यापाशी त्यांची नजर जरा थांबली. "पहिल्या गाण्याला ये," त्या म्हणाल्या. "पुढचं मी तिथेच सांगेन."

जयंतीच्या संध्याकाळी मैदान माणसांनी फुललं होतं. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं. पहिल्या रांगेत प्रबुद्ध. मंचाच्या बाजूला देवेश आणि केतन. देवेश तर नखं खात होता. मिथुन डावा हात कीबोर्डवर तयार ठेवून उभा. ढोलकीने उचल घेतली आणि दीप्तीचा अंगठा पडला. 'ढुम्म.' आणि मिटला. पुन्हा 'ढुम्म', पुन्हा मिटला. जिथे हवा तिथे सूर, जिथे नको तिथे नुसती जागा. मी आतून उजळून निघाले.

अंतऱ्याच्या शेवटी द्रौपदीबाईंनी 'भीमा' ही हाक वर नेली आणि तिथेच लांबवली. ढोलकी थांबली. अशा ठिकाणी पूर्वी मीही थांबत असे, कारण माझ्या जुन्या तारांत तेवढा दम उरला नव्हता. दीप्तीने माझी सगळ्यात जाड तार छेडली आणि या वेळी हात उचलून घेतला. सूर मिटवला नाही. तो घुमत राहिला, वर बाईंचा आवाज आणि खाली मी, हाक संपेपर्यंत, आणि हाक संपल्यावरही थोडा वेळ. जुन्या तारांचं मला दुःख आहे, ते राहील. पण खरं सांगते, हा सूर त्यांच्याकडून आला नसता.

टाळ्या पडल्या. द्रौपदीबाई माइक हातात धरून मागे वळल्या. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

"मिथुन, डावा हात खिशात घाल."

मैदान हसलं, मिथुननेही हसत खरोखरच हात खिशात घातला. प्रबुद्धांनी चष्मा काढून पुसला. दीप्तीने कुणाकडेही बघितलं नाही, ती दुसऱ्या गाण्यासाठी माझ्या तारा जुळवत होती.

आता देवेश कुणाच्याही वाद्याला हात लावण्याआधी परवानगी घेतो, आणि कट्ट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला सायमन अंकलचं नाव सांगतो. माझे फ्रेट अजून जागेवर आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य कपाटावर पडलं असेल, तर ते खाली काढा. पुसा, पण पुसून परत वर ठेवू नका. दुसऱ्याचं असेल तर त्याचं भलं करण्याआधी त्याला विचारा. आणि एखाद्या दिवशी ते तुमच्या मनासारखं वाजलं नाही, तर वाद्य बदलायला धावू नका. आधी आपला हात बदलून बघा.