तोडलेली हिरवी वायर

इलेक्ट्रिक गिटार न वाजवताही तिचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या पेटीतून जो भ्रमरासारखा गुंजारव घुमत राहतो, त्याचे मूळ शोधण्यात ज्यांची हयात गेली, त्या वृद्ध दुरुस्तीकारांना सगळे ‘कानसेन’ म्हणत. त्यांचे काम म्हणजे एक अनुष्ठानच. प्रथम गिटारची केबल काढायची. आवाज थांबला तर दोष गिटारकडचा, न थांबला तर पेटीचा. मग खोलीतले दिवे एकेक करून मालवायचे, मग वादकाला तारांवर हात ठेवायला सांगायचे, आणि प्रत्येक पायरीवर डोळे मिटून ऐकायचे. घाई हा शब्द या गृहस्थांना ठाऊक नाही, असे लोक समजत. तेही तसे समजू देत.

त्या सकाळी त्यांच्या भाचीचा फोन आला. ती एका संगीतशाळेत गिटार शिकवी. हात तारांवर ठेवून तिने गाण्यासाठी ओठ मायक्रोफोनला लावले, तोच विजेचा असा झटका बसला की ती मागच्या भिंतीवर जाऊन आदळली. मामा पोहोचले तेव्हा तिचा खालचा ओठ सुजून आला होता आणि दाराशी शाळेचा वायरमन मान खाली घालून उभा होता. गेल्याच महिन्यात त्याने तिथली सारी बटणे आणि सॉकेटे नव्याने बसवली होती. संचालिकाबाईंनी त्याला धारेवर धरले होते. भिंतीत वायर घातलीस की साप सोडलास, इथवर विचारून झाले होते. टेस्टर लावून पाहा, माझे काम सरळ आहे, एवढेच तो पुनःपुन्हा म्हणत होता. अखेर बाईंनी निवाडा कानसेनांवर सोपवला. ते सांगतील ते प्रमाण; दोष वायरमनचा निघाला तर उद्यापासून त्याला शाळेचे दार बंद.

मामांनी पेटीचे मागचे झाकण उघडले. कारण सापडायला वेळ लागला नाही. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी आतल्या एका वायरचे वेष्टन घासले गेले होते आणि वीज लोखंडी सांगाड्यावर उतरत होती. तिथून केबलमधून गिटारच्या तारांपर्यंत. अशी वाट चुकलेली वीज निमूट जमिनीत जावी म्हणून तर अर्थिंगची हिरवी वायर असते. ती मधोमध कापलेली होती. टोकावर काळ्या टेपचे तीन वेढे होते आणि शेवटची कड आत दुमडलेली होती. अशी कड दुमडणारा माणूस त्या गावात एकच होता.

नऊ वर्षांपूर्वी याच शाळेत कार्यक्रमाला अर्धा तास उरला असताना पेटी गुणगुणू लागली होती. पेटीचा प्लग एका भिंतीत, मायक्रोफोन ज्याला जोडतात त्या मिक्सरचा समोरच्या. दोन वाटांनी जमिनीशी जोडलेली यंत्रे केबलने एकमेकांना मिळाली की त्या वळशातून गुंजारव उठतो, हे मामांना पाठ होते. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर आणले की झाले. पण त्यासाठी लांब वायर शोधत हिंडावे लागले असते आणि लोक तर खुर्च्यांवर येऊन बसले होते. त्यांनी हिरवी वायर कापली. गुंजारव तत्क्षणी शमला, टाळ्या झाल्या, आणि कानसेन हे नाव त्याच संध्याकाळी पडले.

“सापडलं का काही?” संचालिकाबाईंनी विचारले.

“वायरिंग बघावं लागेल,” मामा म्हणाले.

वाक्य धड खोटेही नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक हीन होते. वायरमनने मान वर केली नाही. हातातला टेस्टर त्याने हत्यारांच्या पिशवीत टाकला आणि चेन ओढून घेतली. तो बारीक आवाज मामांना ऐकू आला. त्यांचे कान खरोखरच चांगले होते.

त्यांनी घासलेल्या वायरवर नवे वेष्टन चढवले, हिरव्या वायरला सोल्डरिंगचा डाग देऊन ती जोडली. झाकण लागले की प्रकरण मिटले, भाचीला पुन्हा झटका बसणार नाही, मग कोणाला काय कळायचे आहे, असे ते मनाशी म्हणत राहिले. पेटी सुरू झाली आणि नऊ वर्षे कोंडून राहिल्यासारखा तो गुंजारव खोलीभर पसरला.

“मामा, हे हमिंग आधी कधीच नव्हतं,” भाची म्हणाली. “तू काय बदललंस?”

हा प्रश्न विचारायला तिला त्यांनीच शिकवले होते. वायर कापायची पकड त्यांच्या हातातच होती. एकदा दाबली असती तर पुन्हा सारे शांत झाले असते. असा विचार मनाला शिवला, याचीच त्यांना सर्वांत जास्त लाज वाटली.

“ही वायर मीच तोडली होती. नऊ वर्षांपूर्वी. याच्या कामात काही दोष नाही.”

भाचीचा हात सुजलेल्या ओठाकडे गेला. तिने मामांकडे पाहिले नाही.

वायरमननेच पिशवी पुन्हा उघडली, लांब वायरीचा एक बोर्ड काढला, दोन्ही प्लग त्यात खोचले. गुंजारव विरून गेला. सगळे मिळून चार मिनिटे लागली असतील. मग मामांच्या शेजारी उकिडवा बसून, रागाचा लवलेशही नसलेल्या आवाजात त्याने विचारले, “मामा, अशा आणखी किती पेट्या आहेत?”

रागावला असता तर बरे झाले असते. मामा बोटांवर मोजू लागले. सात आठवल्या. आठवी होती हे नक्की, पण ती कोणाची, ते काही केल्या आठवेना. भाची फोनवर एकेक नाव टिपत गेली. मग पर्स खांद्याला लावून ती एवढेच म्हणाली, “मी येते बरोबर. पण बोलायचं तू.”

पहिले घर एका निवृत्त टंकलेखकाचे होते. मामांना दारात पाहून तो हरखून गेला. या, या, सहा वर्षांत तुमच्या पेटीनं हूं की चूं केलं नाही, असे सांगत त्याने त्यांना आत नेले. आत त्याची नात गिटार गळ्यात अडकवून बसली होती, बोटे तारांवर. सहज तपासणीला आलो, हे वाक्य मामांच्या जिभेवर आयते येऊन बसले होते. भाची मागे उभी होती.

“आधी प्लग काढा,” ते म्हणाले. “मग मी काय करून ठेवलंय, ते सांगतो.”