आनंदरावांचा अभिप्राय

कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारे आनंदराव मेश्राम आठवड्याला एक कादंबरी वाचत आणि परत करताना तिची चांगली हजेरी घेत. सीताबर्डीच्या वाचनालयात ग्रंथपाल कृष्णकांत यांनी टेबलावर अभिप्रायाची वही ठेवली होती. तिच्यात निम्म्याहून जास्त अक्षर आनंदरावांचंच.

शिक्षण सातवीपर्यंत, पण मत सडेतोड. जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्यांबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "घोडा सकाळपासून पळतो, त्याला कोणी पाणी पाजत नाही." जुन्या कौटुंबिक कादंबऱ्यांबद्दल, "मरणारा माणूस फार बोलतो." आणि नव्या कादंबऱ्यांतला तो खिडकीपाशी बसून दोनशे पानं कंटाळणारा नायक तर त्यांना मुळीच सोसत नसे.

"ह्याले आठ दिवस साच्यावर उभा करा," ते कृष्णकांतांना म्हणत, "मंग पाहू कंटाळा कसा येते तं."

अभिप्राय लांब असो की दोन ओळींचा, शेवटी ते एकच शब्द लिहीत: खरं, नाहीतर खोटं.

एकाहत्तर साली कृष्णकांतांनीच प्राध्यापक केशव सालपेकरांना आनंदरावांच्या घरी पाठवलं. सालपेकर गिरणी कामगारांवर कादंबरी लिहिणार होते. तेव्हा तारा जाऊन चार महिने झाले होते. तारा आनंदरावांची एकुलती एक मुलगी. सतरा वर्षांची पोर मॅट्रिकच्या तोंडावर काविळीनं गेली. सालपेकर ओळीनं चार रविवार आले. माणूस ऐकून घेणारा होता, आनंदराव बोलत गेले. त्यांची बायको तुळसाबाई चहा ठेवून आत निघून जाई.

कादंबरी यायला तीन वर्षं लागली. कृष्णकांतांनी प्रत त्यांच्यासाठी राखून ठेवली. आनंदराव ती घेऊन अंगणातल्या खाटेवर बसले. भोंगा, साच्यांचा आवाज, नाकातोंडात जाणारा कापूस, सगळं बरोबर होतं. मग एकशे अठराव्या पानावर मुलीला कावीळ झाली.

"माह्या पोरीचं काही लिवलं का त्यात?" तुळसाबाईनं विचारलं. तिला अक्षर येत नव्हतं. हात पदराला पुसत ती जवळ येऊन बसली.

"आहे थोडं."

"वाचा नं मंग."

दोन परिच्छेद गाळले असते तर तिला कळलं नसतं. पण शेजारच्या गोपाळरावांची मुलगी सत्यवती सालपेकरांच्याच कॉलेजात शिकत होती. तिनंही पुस्तक आणलं होतं. आज ना उद्या कोणीतरी वाचून दाखवलंच असतं. आनंदरावांनी वाचलं.

कादंबरीतली आई मुलीला दवाखान्यात नेऊ देत नाही. काविळीची माळ देणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे घेऊन जाते आणि आठ दिवस तिथंच ठेवते. बाप विनवतो, पाया पडतो. ती ऐकत नाही. नवव्या दिवशी फार उशीर झालेला असतो. बाप म्हणतो, हिच्या अडाणीपणानं माझी पोर नेली.

तुळसाबाईनं उघड्या पानावर बोट ठेवलं.

"हे त्या मास्तरनं मनानं लिवलं?"

"नाई," आनंदराव म्हणाले. "मी सांगतलं."

"तुमी माह्या पाया पडले होते?"

"नाई."

"दवाखान्यात दाखवू म्हून कोन म्हटलं होतं?"

"तू."

"अन् सायकलवर बसवून पोरीले त्या म्हाताऱ्याकडं कोनं नेलं?"

"मी नेलं."

"मंग असं काहून सांगतलं?"

सालपेकरांनी पहिल्याच रविवारी विचारलं होतं, 'मग तुम्ही काय केलंत?' आणि तोंडातून ते वाक्य निघून गेलं होतं. पुढच्या रविवारी त्याला आणखी चार वाक्यं जोडावी लागली. वर्षभरात त्यांना स्वतःलाही तसंच आठवायला लागलं होतं.

तुळसाबाई उठली. भाकरी टाकल्या, त्यांना वाढलं. स्वतः जेवली नाही.

महिनाभरात ती गोष्ट वस्तीभर झाली. नळावर बायका तिच्याकडे पाहून बोलणं थांबवू लागल्या. एक दिवस वस्तीतल्या प्रेमिलाच्या नातवाला ताप होता. तुळसाबाईनं त्याला मांडीवर घेतलं, तर प्रेमिलानं पोर उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाबाई दोन लुगडी पिशवीत भरून भावाकडे भिवापूरला निघून गेली.

आनंदराव वाचनालयात गेले आणि वहीत लिहिलं: "पान एकशे अठरा खोटं आहे. आई दवाखान्यात चला म्हणत होती. बाप नाही म्हणाला. तो बाप मी."

कृष्णकांतांनी वाचून चष्मा काढला. "आनंदराव, हे वहीत कसं ठेवू? लोक वाचतात."

"म्हूनच लिवलं."

पुढच्या आठवड्यात ते पान वहीत नव्हतं. सालपेकरांनाही आनंदरावांनी पत्र घातलं. उत्तर आलं, नम्र होतं. कादंबरीतली आई म्हणजे तुमची पत्नी नव्हे, आणि खरं सांगायचं तर वाचकांना तोच भाग सर्वांत खरा वाटला आहे.

मग ते सकाळी नळावर गेले आणि जमलेल्या बायकांसमोर सगळं सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं. शेवटी प्रेमिला म्हणाली, "भावजी, पुस्तकात तं तसं नाई."

भिवापूरला तुळसाबाई भावाच्या अंगणात मिरच्यांची देठं काढत बसली होती. आनंदराव समोर बसले, त्यांनीही एक मूठ मिरच्या ओढून घेतल्या.

"साऱ्यायले सांगतलं मी," ते म्हणाले. "नळावर सांगतलं. मास्तरले लिवलं."

"बरं."

"घरी चाल वं."

ती देठं काढत राहिली. मग म्हणाली, "शेवटच्या दिवशी तारा काय बोलली, ते त्याले सांगतलं का?"

"मले मालूमच नाई. मी गिरणीत पाळीले गेल्तो."

"मंग बरं झालं."

"काय म्हने?"

तुळसाबाईनं सूप पुढं ओढलं. आनंदरावांनी पुन्हा विचारलं. आतून भावजय चहाला बोलवत होती. तीनच्या बसपर्यंत ते तिथंच बसून होते. हातांची आग होत होती. बस आली तेव्हा ते एकटेच उठले.