चार हजार पंचवीस ताटं

दोन हजार सहा साली माझी भाची स्नेहल मालेगावहून आमच्याकडे नाशिकला कॉम्प्युटरचा कोर्स करायला राहिली होती. माझ्या धाकट्या भावाने, निवृत्तीने, लेकीला बजावून पाठवलं होतं, दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर परत यायचं आणि मी म्हणेन त्या स्थळाला होकार द्यायचा. दसरा झाल्यावर अंबडच्या एका कारखान्याने तिला काम करून दाखवायला बोलावलं. दोन पाळ्यांची माणसं भरली की कँटीनला एकूण ताटं किती लागतील ते सांगणारं कॉम्प्युटरवरचं पान तिला तयार करायचं होतं.

आदल्या दुपारी तिने ते मला दाखवलं. मी गवार निवडत होते. पहिल्या पाळीला तिने 40 लिहिलं, दुसरीला 25. पडद्यावर उत्तर आलं, 4025.

"अगंबाई! कारखान्यात कुणाचं लग्न आहे का?"

"गप गं आत्या!" तिचा चेहरा उतरला. "काल तर बरोबर येत होतं."

"काल काय केलं होतंस?"

"वजाबाकी. पासष्टातून पंचवीस गेले, चाळीस आले. मग वाटलं, बेरीजही येणारच."

"आमच्या घराण्याचंच वळण. एक पोळी फुगली की उरलेल्यांकडे बघायचं नाही."

ती हसली नाही. नखं कुरतडत बसली. मग एकदम उठून स्वयंपाकघरातून स्टीलचा डबा घेऊन आली. त्यावर आहेर देणाऱ्या मावसबहिणीचं नाव कोरलेलं होतं, सौ. लंकाबाई.

"आत्या, या लंकाबाईत काय आहे?"

"सध्या रवा. गेल्या महिन्यात साखर होती."

"तेच तर! कॉम्प्युटरच्या काही भाषांत डबा घेतानाच सांगावं लागतं, यात फक्त साखर ठेवीन. या भाषेत डब्याला नुसतं नाव. डबा कशाचा ते आत भरलेल्या वस्तूवर ठरतं. पानावर टाइप केलेलं 40 हे अक्षरं म्हणून आत जातं. आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं."

"मग वजाबाकी कशी जमली?"

"अक्षरांतून अक्षरं वजा होत नाहीत ना. म्हणून तिथे कॉम्प्युटर आपणहून आकडा धरतो."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं. भाजी आणा म्हटलं की ऐकू येत नाही, चहा म्हटलं की येतं."

आता मात्र ती हसली. बेरजेआधी दोन्हींचे आकडे करून घ्यायचं तिने लिहिलं. पासष्ट आले. तरी ती उठेना. "कुणी भलतंच लिहिलं तर?" असं पुटपुटत तिने आणखी एक ओळ घातली.

दुसऱ्या दिवशी अंबडला साहेबांनी तिच्यासमोर कँटीन सांभाळणाऱ्या धनराजभाऊंना बसवलं. कारखान्यात जन्म गेलेला माणूस. त्यांनी सवयीने लिहिलं, 40 नग. पानाने उत्तर दिलं, "कृपया नुसता आकडा लिहा."

"माणसं नग नाहीत, धनराज," साहेब म्हणाले.

"जेवायला बसल्यावर बघा साहेब, नगच आहेत एकेक," धनराजभाऊ म्हणाले, पण नुसतं 40 लिहिलं, पुढे दुसऱ्या पाळीचा आकडाही तसाच. बेरीज बरोबर आली. साहेबांनी स्नेहलला सोमवारपासून यायला सांगितलं.

संध्याकाळी मीच मालेगावला फोन लावला. निवृत्ती म्हणाला, "ताई, मी तर त्या लोकांना दिवाळीत मुलगी बघायला बोलावून बसलोय गं."

"येऊ दे की," मी म्हटलं. "फराळ घाल आणि वाटेला लाव."