बाजार हिरवा झाला की

मी दहमा बोलतेय. बुरैदा या अरबी शहराच्या पूर्वेला, वाळूच्या टेकड्यांआड तारेचं एक कुंपण आहे, त्यातली काळी सांडणी ती मी. सांडण्या चावऱ्या असतात म्हणतात. पण आज माझ्याजवळ यायला हरकत नाही. आज मीच घाबरलेली आहे.

माझा जन्म थंडीतला. आई अडली होती. मालकीण मुनीफा बाह्या सरसावून वाळूत बसली, तिने मला ओढून काढलं, तोंडातला चिकटा बोटाने पुसला आणि नाकात फुंकर मारली. त्यामुळे जगात आल्यावर मला आधी तिचा वास कळला, मग आईचा.

तिचा नवरा मुतलक तेव्हा होता. एका पायावर उभा राहून, दुसऱ्या मांडीवर वाडगा टेकवून तो दूध काढायचा. आमचा कळप एवढा होता, की पाण्यावरून परतताना शेवटची सांडणी पोचेपर्यंत पहिली बसून रवंथ करायला लागलेली असायची.

मुतलक गेला आणि कळप मुनीफाकडे आणि तिच्या मुलाकडे आला. मुलगा फैहान गावातल्या शाळेत गणित शिकवायचा. राखणीला सुदानहून आलेला बाबिकर होता. फैहान रोज दुपारच्या नमाजानंतर पिकअप गाडी घेऊन यायचा, चाऱ्याच्या पेंढ्या उतरवायचा आणि आईजवळ बसून कॉफी प्यायचा. माणसं किती थोड्यात सुखी असतात, असं मला तेव्हा वाटे.

मग शेअर आले.

ते मी कधी पाहिले नाहीत. त्यांना वास नाही, पाय नाहीत. पण फैहानच्या तोंडी दुसरा विषय राहिला नाही.

"आई, बँकेत शेअर घेतात त्या हॉलमध्ये बसायला खुर्ची मिळत नाही. आमचे मुख्याध्यापक तिथे, कसाई तिथे, इमामसाहेबांचा भाऊ तिथे. मीच काय तो मूर्ख, फळ्यावर बेरजा करत बसलोय."

"बेरजा करून नाही वाढवला तुला," मुनीफा म्हणाली. "या जनावरांच्या दुधावर वाढलास."

"तेच म्हणतोय. किती दिवस दूधच पीत बसायचं?"

शेअर घ्यायला पैसा हवा म्हणून आधी नर विकले गेले. मग म्हाताऱ्या सांडण्या गेल्या. त्यांच्यात माझी आई होती. पोटाखालून पट्टा घालून यंत्राने तिला उचललं, तेव्हा तिचे चारही पाय हवेत लोंबकळत होते आणि ती ओरडत होती. मुनीफा तंबूत गेली ती ट्रकची धूळ बसेपर्यंत बाहेर आली नाही. त्या दिवसापासून ट्रकचा आवाज ऐकला, की मी कुंपणाच्या पार टोकाला पळते.

पैसा मात्र आला, हे खरं. फैहानकडे नवी गाडी आली. फोन वाजला की तो ओरडायचा, "हिरवं! आज सगळं हिरवं!" सुरुवातीला मी मान उंच करून चौफेर बघायचे. मला वाटायचं, पाऊस झाला, गवत उगवलं. बाबिकर पोट धरून हसायचा. "अगं वेडे, ते खायचं हिरवं नव्हे."

हिवाळा सरत असताना एक दिवस फैहान भरसकाळी आला. शाळेची वेळ होती. गाडीचं दार उघडंच टाकून तो उतरला, चार पावलं चालला आणि वाळूत गुडघ्यांवर बसून ओकला. गाडीतला रेडिओ एकसारखा बोलत होता. "लाल" हा शब्द मी त्या दिवशी शिकले.

मुनीफाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "किती गेलं?"

तो बाहीने तोंड पुसत राहिला.

"उरलंय ते तरी काढून घे, पोरा."

"आता काढलं तर बुडालं ते कायमचं बुडालं, आई. ठेवलं तर निदान..."

माणसांच्या भीतीला वास असतो. ओल्या लोखंडासारखा. पुढचे कितीतरी दिवस तो वास आमच्या कुंपणावर राहिला. फैहान येई, पेंढ्या टाकी, पण हात कुठे आणि डोळे कुठे. आम्ही मोजक्याच उरलो होतो. एकमेकींना चिकटून उभ्या राहायचो.

आणि मग, कुणाला वाटलं नव्हतं, बाजार वर आला. एक दिवस, मग दुसरा, मग सलग. रेडिओवरची माणसं हसून बोलू लागली. सरकारने परदेशी कामकऱ्यांनाही शेअर घ्यायची मोकळीक दिल्याची बातमी आली. बाबिकर धुतलेला झगा घालून फैहानपुढे उभा राहिला.

"मास्तर, माझेही थोडे टाकू का? पडझड संपली म्हणतात."

"तुझ्या बायकोला पाठव ते पैसे," फैहान खेकसला. "आणि पुन्हा माझ्यापुढे हे नाव काढू नकोस."

मला बरं वाटलं. वाटलं, हा शहाणा झाला. आता ट्रक येणार नाही.

पण भीती भलत्याच दारातून आत आली. त्याच संध्याकाळी कॉफी ओतता ओतता मुनीफा म्हणाली, "उरलेल्या विकून टाक."

फैहानच्या हातातला पेला तसाच राहिला. "काय म्हणालीस?"

"शेअरचे भाव अजून खाली आहेत. आत्ता घेतले तर जे गेलं ते भरून निघेल. माझ्या भावाने परवा घेतले, त्याचे वाढले सुद्धा."

"आई, तूच मला अडवत होतीस!"

"तेव्हा तू हावेपोटी जात होतास. मला हाव नाहीये. मला मुतलकचा कळप परत हवाय, जसा होता तसा. एकदा पैसे आले की एकेक करून सगळ्या परत आणू."

"आणि हे टिकलं नाही तर? पडलेला माणूस उठून बसला म्हणजे चालायला लागला असं नसतं गं. मी त्या हॉलमध्ये बसतो. लोक हसतात, पण बूड टेकून कुणी बसत नाही. सगळ्यांचा एक डोळा दाराकडे."

"भित्रा आहेस तू."

"आहे," फैहान म्हणाला. "तू पण हो ना थोडी."

ती झाली नाही. माझ्या नाकात फुंकर मारणारी ती बाई. तिचा माझ्यावर जीव नव्हता असं मी कसं म्हणू? उलट गेलेल्या सगळ्यांवर तिचा इतका जीव होता, की त्यांच्यापायी ती राहिलेल्यांना द्यायला निघाली. हावरट माणसापासून पळता येतं हो. प्रेमाने आंधळ्या झालेल्या माणसापुढे आपण मान खाली घालून उभे राहतो.

अबू दुखैल व्यापारी आला. त्याने आमच्या वशिंडावर हात दाबला, मांड्या चाचपल्या. दूध किती देते हे एकदाही विचारलं नाही. तेव्हाच मला कळलं, हा आम्हांला कुठे नेणार. तो माझ्याजवळ आला आणि, गाभण सांडणीची होते तशी, माझी शेपूट आपोआप वर झाली; हिवाळ्यात मला शेजारच्या कळपातल्या नराकडे नेलं होतं.

"फैहानच्या आई, ही गाभण आहे. गाभण सांडणी कापायला घेत नाहीत. वेत होईपर्यंत मी पोसायची म्हणजे... निम्मे देईन."

"निम्मे?" मुनीफा ताडकन उठली. "ही दहमा आहे! हिच्या आईच्या दुधावर अर्धी वस्ती जगली. निम्मे कुणाला सांगतोस? सोड तिची दोरी."

"रागावू नका. बाजारात सगळेच विकायला निघालेत, भाव हाच आहे."

"सोड म्हणते ना!"

त्याने दोरी सोडली. बाकीच्यांना पट्टा लागला. एकेक करून त्या हवेत उचलल्या गेल्या, आणि मी कुंपणाला अंग घासत उभी राहिले. एका बाईचा अभिमान आणि पोटातला एक जीव, एवढ्यावर मी वाचले. यात माझी हुशारी काहीच नाही.

त्या पैशांचे शेअर घेतले. बाजार आणखी थोडा चढला. मुनीफा फैहानला म्हणायची, "बघ! म्हणत होते ना! निम्म्यात तर निम्म्यात, दहमा पण द्यायला हवी होती." मी तिथेच, हाताच्या अंतरावर उभी होते. ती माझ्या मानेवरून हात फिरवतच हे बोलत होती.

उन्हाळा लागला आणि बाजार पुन्हा कोसळला. या वेळी फैहान ओकला नाही की ओरडला नाही. गाडीतून उतरून आईसमोर बसला. म्हणाला, "गेलं." मुनीफाने मान हलवली. दोघांपैकी कुणी दुसऱ्याला बोल लावला नाही. थोड्या वेळाने ती उठली, वाडगा घेतला आणि सवयीने कळपाकडे निघाली. अर्ध्या वाटेत थांबली. दूध काढायला कुणीच नव्हतं. मी आटले होते. मग ती त्या रिकाम्या कुंपणात वाडगा हातात धरून उभीच राहिली. शेवटी बाबिकरने जाऊन तिचा दंड धरला. "चला मावशी, ऊन लागेल."

पुढच्या थंडीत मला मुलगी झाली. या वेळीही फुंकर मुनीफानेच मारली. ती पिल्लाचं नाव ठेवत नाही. मी पुष्कळ वाट पाहिली. नाव ठेवलेलं विकताना जड जातं, हे तिला ठाऊक झालंय. म्हणून मी अजून जास्त घाबरते.

आता पिल्लू माझ्या खांद्याला लागतं. वय झाल्यामुळे मी दूध कमी देते. आणि चार दिवसांपासून फैहानच्या गाडीतल्या रेडिओवरची माणसं पुन्हा हसून बोलतायत. काल मुनीफाने त्याला हळूच विचारलं, "या वेळी टिकेल का रे?"

"माहीत नाही, आई."

"कुणाला माहीत असतं?"

"जे हो म्हणतात त्यांनाही नसतं."

कॉफी तशीच ठेवून ती बराच वेळ आम्हा मायलेकींकडे बघत राहिली.

बाजार टिकेल की पडेल हे मी जनावर काय सांगणार? कदाचित या खेपेला टिकेलही. तुमच्यापैकी कुणी त्या हॉलमध्ये बसत असाल, तर एवढंच मागते. तुमच्या हातात जे असेल ते लावा, हरा, जिंका. पण जे तुमच्या विश्वासावर कुंपणात उभं आहे, ज्याला हो किंवा नाही म्हणता येत नाही, ते लावायच्या आधी एकदा त्याच्याजवळ येऊन उभे राहा. श्वास ऐका. मग ठरवा.

थांबा. टेकडीपलीकडे इंजिनाचा आवाज येतोय. पाण्याचा टँकर याच सुमाराला येतो. त्याचा आणि जनावरं नेणाऱ्या ट्रकचा आवाज अगदी सारखा असतो. मी पिल्लाला कुंपणाच्या कडेला ढकललंय आणि मध्ये आडवी उभी राहिलेय.

पाण्याचाच असेल. पाण्याचाच असावा.