डोक्यावरचे ठिपके

प्रियदर्शनी मॅडम शाळेत विज्ञान शिकवायच्या, पण चार दिवसांपासून त्यांचा जीव पाण्याच्या टाकीजवळच्या कडुनिंबात अडकला होता. तिथल्या ढोलीत एक पिंगळा भर दुपारी टक्क जागा बसलेला असायचा. पोट पांढरंफेक. हा साधा पिंगळा नाही, दुर्मीळ रानपिंगळा आहे, असं मॅडमच्या मनानं घेतलं. केदारखेड्याजवळच्या त्या वाडीत रानपिंगळा म्हणजे केवढी गोष्ट! खात्रीसाठी फक्त डोकं बघायचं होतं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं. पण खालून मान कितीही वाकडी केली तरी त्याचं पोटच दिसायचं.

"मंग वरून पाहा की," शेजारच्या गोजरबाई सहज बोलून गेल्या.

शाळा सुटल्यावर मॅडमनी पदर खोचला, गळ्यात दुर्बीण अडकवली आणि टाकीची शिडी धरली. त्या वर पोचेस्तोवर खाली गर्दी जमली. माणूस टाकीवर चढतो तो काहीतरी मागायलाच, हे गावाला पक्कं ठाऊक होतं.

"मॅडम, मागणी काय तुमची?" सरपंच धर्मराज हात जोडून ओरडले.

"ठिपके!" दुर्बीण न हलवता मॅडम ओरडल्या. "ठिपके पाहून राह्यले! गोंगाट करू नका!"

वाऱ्यात अर्धंच खाली पोचलं.

"ठिबक म्हणून राह्यल्या!" गर्दीतला वसंता गहिवरला. त्याचा ठिबक सिंचनाच्या संचाचा अर्ज कृषी खात्यात दोन वर्षं पडून होता. "आपल्यासाठी चढल्या हो मॅडम!"

लगेच घोषणा सुरू झाल्या. स्कूटीवरून चाललेली कृषी सहायक अक्षता घाबरून थांबली. "सोमवारी सगळे अर्ज निकाली काढते, पण उतरा!"

त्या गलक्यानं पिंगळा ढोलीबाहेर आला आणि चिडून मान खालीवर करू लागला. डोकं स्वच्छ दिसलं. साबुदाणा सांडावा तसे ठिपकेच ठिपके.

मॅडम उतरल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं. वसंतानं त्यांच्या गळ्यात हार घातला.

"अहो, साधा निघाला," त्या पुटपुटल्या.

"साधाच पाह्यजे मॅडम, भारीतला संच कशाला!"

सोमवारी अक्षतानं खरंच अर्ज मार्गी लावले. मंगळवारी सकाळी चार शेतकरी मॅडमच्या दारात उभे.

"मॅडम, आमच्या शेतातली लाइटीची डीपी जळून महिना झाला. कधी चढता?"